आधी शेवटचे पोते

समुद्रकिनाऱ्याची सामुदायिक सफाई कशी करावी, असे विचारावयास कोणी तरुण मंडळी माझ्याकडे आली, म्हणजे मी त्यांना प्रथम उलट प्रश्न करतो, की भरलेली पोती जाणार कोठे? टोप्या, फलक, हातमोजे आणि उद्घाटनाचा पाहुणा यांची यादी मनात पक्की करून आलेल्या त्या मंडळींच्या मुद्रेवर अशा वेळी जो हिरमोड उमटतो, तो माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. कारण दापोली तालुक्यातील आमच्या लहानशा किनारी गावात आम्ही पहिली मोहीम काढली, तेव्हा मीही अशीच यादी जुळवली होती, आणि तीत ट्रॉलीखेरीज सर्व काही होते. ट्रॉली एका कार्यालयाने देऊ केली होती, परंतु तोंडी.

त्या रविवारी वद्य त्रयोदशी होती. माणसे साडेआठला जमली, पाहुण्यांचे भाषण नऊपर्यंत चालले, आणि पावणेदहाला पूर्ण भरती असल्यामुळे, ज्या पुळणीवर काम करावयाचे तीच आमच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली जाऊ लागली. तरीही उत्साहाच्या भरात आम्ही एकाहत्तर पोती भरली, त्यांची तोंडे सुतळीने आवळली आणि सुरूच्या झाडांखाली ती रचून त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतले. रविवारी ट्रॉलीचा चालक रजेवर निघाला. सोमवारी डिझेलची मंजुरी आली नाही. तोवर अर्धी पोती कुत्र्यांनी फाडली, आणि मंगळवारी अमावास्येचे उधाण सुरूच्या मुळांपर्यंत चढले. बुधवारी सकाळी जाऊन पाहतो, तो भरतीच्या रेघेवर त्याच बाटल्या, तीच थर्माकोलची ढेकळे आणि मी स्वतः उचललेली ती निळी चप्पल, जिला भोक पाडून कोणा कोळ्याने जाळ्याचा तरंग केली होती, पुन्हा हजर. शंभरावर माणसांच्या सकाळभराच्या श्रमाचे फळ एवढेच, की विखुरलेला कचरा आम्ही समुद्राला एकत्र बांधून दिला होता.

यास्तव माझा आग्रह असा, की मोहिमेची आखणी शेवटच्या पोत्यापासून आरंभून मागे मागे यावी. शेवटचे पोते कोणत्या दारात उतरणार हे ठरले, की वाहन ठरते. वाहन ठरले, की किती पोती भरावयाची हे ठरते. आणि तेवढ्यासाठी किती माणसे बोलवावीत, हा प्रश्न, जो बहुतेक ठिकाणी सर्वांआधी विचारला जातो, तो सर्वांच्या शेवटी आपोआप सुटतो.

पोत्यांच्या ठिकाणाचा शोध मोहिमेपूर्वी निदान पंधरा दिवस सुरू करावा, आणि तो भंगारवाल्यापासून करावा. या गृहस्थाला आपल्या सार्वजनिक कार्यात कोणी मानाने बोलावीत नाही, आणि वस्तुतः कोणत्या वस्तूला पुढचा जन्म आहे व कोणत्या वस्तूला नाही, हे तालुक्यात त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. किनाऱ्यावरचा एक पोतेभर कचरा नमुन्यादाखल त्याच्या दुकानापुढे ओतावा आणि त्यालाच निवड करू द्यावी. आमच्याकडच्या भंगारवाल्याने पाण्याच्या बाटल्या, जाड प्लॅस्टिकचे डबे आणि कॅन, लोखंड व पत्रा एका बाजूस घेतले; नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा हातात धरून दोनदा झटकला, आणि त्यातून वाळू गळताच, ‘झाडून आणाल तर घेतो’ म्हणाला; थर्माकोल, वेफरच्या चकचकीत पिशव्या, कापड व ओल्या कॅरीबॅगा यांच्याकडे त्याने पाहिलेही नाही. त्या पाच मिनिटांत वर्गीकरणाची जी शिकवण मिळाली, ती मला कोणत्याही पत्रकात सापडली नसती.

भंगारवाल्याने नाकारलेला जो अवशेष, तोच या कामाचा खरा गुंता होय, आणि परिमाणाने तो बहुधा निम्म्याहून अधिक भरतो. त्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ती नगरपालिकांपुरती न ठेवता ग्रामपंचायतींवरही टाकली असल्यामुळे, ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना उपकाराची भाषा वापरण्याचे कारण नाही. परंतु लहान गावाच्या पंचायतीपाशी कचरा साठवण्याची शेडही नसते, ही वस्तुस्थिती ध्यानी घेऊन, जवळच्या नगरपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या प्रक्रिया केंद्राने ती पोती स्वीकारावीत असे पत्र सरपंचांच्या सहीने आधीच पाठवावे, आणि पोती कोणत्या दिवशी, किती वाजता व कोणाच्या ताब्यात द्यावयाची, ते लेखी मागून घ्यावे. काही ठिकाणी शेवटचा उपाय म्हणून किनाऱ्यावरच खड्डा खणून कचरा पुरतात, किंवा सायंकाळी त्याला काडी लावतात. पुरलेला कचरा पावसाळ्यात लाटांनी वाळूची धूप होताच पुन्हा उघडा पडतो, आणि थर्माकोल व प्लॅस्टिक जाळल्याने निघणारा धूर तो पेटवणाऱ्याच्याच छातीत जातो. म्हणून ज्यांच्यापाशी या दोहोंवाचून अन्य तजवीज नसेल, त्यांनी मोहीम पुढे ढकलावी हे बरे.

अर्जांची बाब रुक्ष आहे, परंतु ती टाळता येत नाही. ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे जवळचे बंदर कार्यालय, या तिघांस मोहिमेची इत्तला द्यावी. किनाऱ्यालगत कांदळवन असेल, अथवा पुळणीवर कासवांची घरटी होत असतील, तर वनविभागास कळवल्यावाचून एक पाऊलही टाकू नये. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत लिहावा आणि एका प्रतीवर शिक्का व तारखेनिशी पोच घ्यावी. तोंडी होकार देणारा मनुष्य खोटे बोलत असतो असे मुळीच नाही. होकार देताना तो मनापासून देतो, फक्त रविवारी तो कार्यालयात नसतो. वाहनाच्या बाबतीत तर मी आता कोणाच्या औदार्यावर विसंबत नाही. गावातल्याच एखाद्याची ट्रॉली रीतसर भाड्याने ठरवावी, डिझेल व चालकाची मजुरी यांसाठी वर्गणी आधी गोळा करावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, आणि जमाखर्चाची वही उघडी ठेवावी. पाहुण्यांचा हारतुरा वगळला, तर एका ट्रॉलीचे डिझेल सहज निघते, असा माझा अनुभव आहे.

आता दिवस कोणता धरावा? शहरातील संयोजक रविवार पाहतात आणि तेथेच थांबतात. किनाऱ्यावरच्या मनुष्याने रविवारासोबत तिथीही पाहिली पाहिजे. आपल्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढीत. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीस ती सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा धरून सव्वाअकराच्या पुढे. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि ही सारी घटना दररोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे. बाणकोटची वेळ आणि मालवणची वेळ तंतोतंत एक नसते, म्हणून नेमका आकडा बंदर कार्यालयाच्या भरतीच्या कोष्टकातून घ्यावा, अथवा होडी लोटणाऱ्या माणसाला विचारावा. तथापि कोणता आठवडा धरावा आणि कोणता सोडावा, एवढे ठरवण्यास पाऊणपटीचा नियम पुरेसा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट उधाण आणि भांग यांची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरतीचे पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीस सर्वांत खाली जाते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते फारसे चढत नाही व फारसे उतरतही नाही, तो भांग. समुद्र आपल्याजवळचा कचरा उधाणाच्या भरतीस पुळणीच्या माथ्यावर आणून टाकतो, आणि त्यानंतर भरती दिवसेंदिवस खालीच थबकत असल्यामुळे, तो कचरा पुढच्या उधाणापर्यंत तेथे कोरडा पडून राहतो. म्हणजे उधाण ओसरू लागल्यानंतरची तृतीया किंवा चतुर्थी धरली, तर तीन लाभ एकदम पदरात पडतात: कचरा ताजा व एका रेघेत सापडतो, सकाळी साडेआठ ते सव्वानऊच्या सुमारास ओहोटी असल्याने साडेसहापासून नऊपर्यंत पुळण मोकळी मिळते, आणि दुर्दैवाने ट्रॉली दोन दिवस उशिरा आली, तरी पोत्यांना पाण्याचे भय राहत नाही. आम्ही पहिल्या वेळी त्रयोदशी धरली होती, म्हणजे या तिन्ही लाभांवर पाणी सोडले होते, आणि तेही अक्षरशः.

वर्षातील ऋतू पाहिला, तर पावसाळ्याचा उत्तरार्ध या कामास सर्वांत उचित. जून ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे समुद्राच्या पोटातले सर्व काही कोकणच्या किनाऱ्यावर आणून ओततात. सप्टेंबरातील तिसरा शनिवार जगभर किनारा-सफाईचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि आपल्याकडे तो बहुधा गणेशोत्सवाच्या मागेपुढे येतो. गणपतीनंतरची सफाई करावयाची असेल, तर अनंत चतुर्दशीनंतर चार-पाच दिवसांनी येणारी वद्य तृतीया किंवा चतुर्थी वरच्या हिशेबात बरोबर बसते. तेव्हा पितृपक्ष चालू असतो म्हणून काही मंडळी कुरकुरतात. केर काढण्यास मुहूर्त लागत नाही, एवढे त्यांना सांगावे आणि ज्यांच्या घरी श्राद्ध असेल, त्यांना मोकळे सोडावे. मूर्तींचे अवशेष किनाऱ्यावर येतात त्यांच्याबाबत मात्र जपून वागावे. ते इतर कचऱ्याच्या पोत्यात कदापि घालू नयेत. ज्या मंडळांचे विसर्जन त्या किनाऱ्यावर होते, त्यांच्या कार्यकर्त्यांनाच ते काम सोपवावे, अवशेष स्वतंत्र पाट्यांवर ठेवून त्यांची व्यवस्था पंचायतीच्या संमतीने करावी, आणि निर्माल्यातील प्लॅस्टिक व दोरे काढून फुले-पाने खतासाठी द्यावीत. या एका बाबतीतल्या हयगयीने चांगल्या मोहिमांची गावात भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

जागा थोडी घ्यावी. तीन किलोमीटरचा किनारा एका सकाळी साफ करू पाहणारे लोक शेवटी तीन किलोमीटर चालून येतात, इतकेच. आठवडाभर आधी दोघा-तिघांनी ओहोटीच्या वेळी संपूर्ण पुळण पायाखाली घालावी आणि कचरा कोठे साचतो ते पाहावे. तो सर्वत्र सारखा पसरलेला नसतो, तर खडपांच्या पायथ्याशी, सुरूच्या मुळांत, मर्यादवेलीच्या जाळीत आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, मुखाशी दाटलेला असतो. पऱ्याचे मुख विशेष न्याहाळावे. समुद्राने परमुलखातून आणलेल्या कचऱ्याच्या गोष्टी आपण चवीने सांगतो, पण पऱ्याच्या तोंडाशी सापडणाऱ्या दुधाच्या पिशव्यांवर आपल्याच तालुक्यातील डेअरीचे नाव असते. त्या मुखाशी पावसाळ्यापूर्वी बांबूची साधी जाळी बांधली आणि दर आठवड्यास ती झाडली, तर पुळणीवरचे पुष्कळ काम मुळातच कमी होते.

माणसांच्या निवडीत पहिले निमंत्रण कोळीवाड्यास द्यावे, आणि ते पत्रिकेने न देता सायंकाळी होड्या लागतात तेथे जाऊन द्यावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यानंतर नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा धंद्याला जुंपलेल्या माणसाजवळ वेळ थोडा, म्हणून तारीख त्यांना विचारूनच ठरवावी. तुटक्या जाळ्यांबद्दल त्यांना उपदेश करावयास जाऊ नये. जाळे ही त्यांची पुंजी आहे, ती कोणी हौसेने समुद्रात टाकीत नाही; उलट, वाळूत अर्धे पुरलेले जाळे कसे सोडवावे, कोणत्या खडपाआड पाय घसरतो आणि लाट कधी फसवते, हे त्या गावात त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. शाळेची मुले घ्यावीत, परंतु आठवीच्या वरची, आणि दर दहा मुलांमागे एक शिक्षक असेल तरच. बचत गटाच्या महिला येतात त्या अनेकदा सर्वांत नेटके काम करतात आणि छायाचित्रात सर्वांत मागे उभ्या असतात. हे उलटे करता आले तर पाहावे.

ज्यांचे पोटच सफाईच्या कामावर चालते, त्या पंचायतीच्या कामगारांना सुट्टीच्या दिवशी ‘श्रमदान’ म्हणून राबवू नये. ते आले, तर त्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी आणि तुकडीचे प्रमुख करावे. गाडगेबाबा दिवसा गावचे रस्ते झाडीत व रात्री कीर्तन करीत, हे आपण सर्वजण भाषणात सांगतो. परंतु कोकणातल्या माणसाने आणखी एक नाव स्मरावे, ते कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांचे. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, जातीने ज्यांच्या माथी मारले होते ते मैलासफाईचे काम मला करू द्या, असा त्यांनी आग्रह धरला, तो नाकारला गेला, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभला, आणि डिसेंबर १९३२मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. घाण उचलणे हे कोणा एका जातीचे काम नव्हे, हे सांगण्यासाठी या भूमीत माणसांनी उपवास केलेले आहेत. तेव्हा हातमोजे घालून सकाळी दोन तास वाकल्याबद्दल आपण प्रशस्तिपत्रे वाटावीत, याचा मला थोडा संकोच वाटतो.

प्रत्यक्ष दिवशीची व्यवस्था साधी असावी. पाच-सहा जणांची एक तुकडी, तिला सुमारे शंभर पावलांचा पट्टा आणि एक प्रमुख. साहित्यात जाड रबरी तळव्यांचे हातमोजे, दाताळे, घमेली, वाळू गाळण्यास एक-दोन चाळण्या, एखादा कोयता आणि पोती. बाजारातल्या काळ्या पातळ पिशव्या आणू नयेत. ओल्या वाळूने त्या तळाशी फाटतात आणि शेवटी स्वतःच कचरा होतात. तांदळाची किंवा धुऊन घेतलेली खताची जुनी पोती उत्तम, कारण त्यांतून पाणी झिरपून जाते. पोते दोनतृतीयांशच भरावे आणि फरफटत न ओढता बांबूला अडकवून दोघांनी वाहावे. पायात चप्पल नको, बंद बूट हवा. पिण्याच्या पाण्याचे पिंप आणि पितळी पेले ठेवावेत. पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन प्लॅस्टिक वेचावयास आलेले संयोजकही मी पाहिले आहेत.

काय उचलावे, याहून काय उचलू नये हे सांगण्यास अधिक वेळ द्यावा. मुले पहिल्या दहा मिनिटांत पांढरे, हलके, चपटे तुकडे थर्माकोल समजून पोत्यात भरतात. तो बहुधा समुद्रफेन असतो, म्हणजे माकुलाच्या अंगातले कवच. नखाने खरवडून पाहिले, की खडूसारखी भुकटी पडते, आणि थर्माकोलाचे मात्र दाणे सुटतात. वाळलेले शेवाळ, शिंपले, वाहून आलेले लाकडाचे ओंडे हे समुद्राचे आहे, ते राहू द्यावे. मर्यादवेल ओढून काढू नये. वाळूचा बांध तिनेच धरलेला असतो. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम, आणि घातलेल्या अंड्यांतून पिले बाहेर येण्यास पुढे दीड-दोन महिने लागतात. या मुदतीत माथ्याकडची वाळू दाताळ्याने उकरू नये, आणि ट्रॅक्टर तर पुळणीवर मुळीच उतरवू नये, कारण त्याच्या चाकांनी पडलेल्या चरांत समुद्राकडे निघालेली पिले अडकून पडतात. यांत्रिक सफाईचा मोह अनेक ठिकाणी होतो. कासवांच्या किनाऱ्यावर तरी हाताने वेचण्यास पर्याय नाही.

धोक्याच्या वस्तू निराळ्या. सुया आणि काचा हातात न घेता चिमट्याने जाड डब्यात टाकाव्यात आणि सुयांचा डबा झाकण घट्ट लावून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या स्वाधीन करावा. तेथील डॉक्टरांना आदल्या दिवशी कल्पना दिलेली असावी, आणि कोणास काही टोचले, तर धनुर्वाताच्या सुईसाठी संध्याकाळची वाट पाहू नये. पावसाळ्यात डांबराचे गोळे येतात; ते पत्र्याच्या तुकड्याने खरवडून स्वतंत्र डब्यात घ्यावेत, कारण असा एक गोळा पोत्यात पडला, की ते संपूर्ण पोते भंगारवाला परत करतो. पायास डांबर लागले, तर रॉकेल न चोळता खोबरेल लावून पुसावे. निळसर फुग्यासारखा जेलीफिश मेलेला दिसला, तरी त्याचे धागे झोंबतात. समुद्री सर्प जाळ्यात गुंतून निपचित पडलेला असला, तरी तो मेलेला असेलच असे नाही. आणि गुडघाभर पाण्यात उतरू नये, कारण वाळूत दबून बसलेल्या पाकटाचा काटा लागला, म्हणजे कणखर माणूसही ओरडतो. कासव किंवा डॉल्फिन मृत आढळल्यास त्याला हात न लावता वनविभागास कळवावे.

बंद पुडके, पिंप किंवा धातूची नळी सापडली, तर ती उघडण्याचे कुतूहल आवरावे. २०२३च्या ऑगस्टात आमच्याच दापोली तालुक्याच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली होती आणि पोलीस व सीमाशुल्क खाते कित्येक दिवस पुळणी धुंडाळीत होते. अशी वस्तू दिसताच तुकडीस मागे सारून ११२ या क्रमांकावर पोलिसांना, आणि समुद्रात कोणी संकटात दिसल्यास १५५४वर तटरक्षक दलास कळवावे. हे दोन्ही क्रमांक तुकडीप्रमुखाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावेत.

वहीचा उल्लेख आला तो हेतुपुरस्सर. वर्गीकरण पुळणीवरच, पोती बांधण्यापूर्वी व्हावे, प्रत्येक पोते मासळीबाजारातल्या ताणकाट्याला लावून तोलावे, आणि कोणत्या वस्तू किती सापडल्या, याची तुकडीवार नोंद व्हावी. १९८६मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर पहिली मोठी मोहीम निघाली, तेव्हाच तिच्या संयोजक महिलांनी गोळा केलेल्या वस्तू मोजून लिहून घेण्याचा दंडक घातला, आणि आजच्या जागतिक दिवसाचे बीज त्या मोजणीत आहे. वजनाचा आकडा वृत्तपत्रास आवडतो, परंतु उपयोग मोजणीचा. ‘किनाऱ्यावर फार घाण आहे’ असे ग्रामसभेत म्हटल्यास सर्वजण माना डोलावतात आणि पुढच्या विषयास लागतात. ‘पऱ्याच्या मुखाशी दोन तासांत दुधाच्या चारशे पिशव्या मिळाल्या’ असे वही उघडून म्हटले, की डेअरीचा प्रतिनिधी, दुकानदार आणि सरपंच या तिघांनाही उत्तर द्यावे लागते. सप्टेंबरच्या मोहिमेनंतर २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. तीत ही वही मांडावी, आणि पऱ्यावरची जाळी, पुळणीच्या वाटेवर झाकणाची कुंडी व आठवड्याची एक फेरी, अशा तीन मागण्यांचा ठराव लिहून घ्यावा. चौथी मागणी करू नये. तीनच मान्य होण्याचा संभव अधिक.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह या वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्यास सोबत घेऊन कचरा वेचण्यास आरंभ केला, तेव्हा ती माणसे दोनच होती; ती दर शनिवार-रविवारी जात राहिली, म्हणून पुढे शेकडो आले, आणि मार्च २०१८मध्ये त्या वाळूत कासवांची पिले दिसली. तेव्हा पहिल्या मोहिमेस किती जमले, यावरून मी मंडळींचे मूल्यमापन करीत नाही. दुसऱ्या मोहिमेची तिथी पहिलीच्या दिवशी, पोती ट्रॉलीत चढत असतानाच जाहीर झाली की नाही, तेवढे विचारतो. आमची दुसरी मोहीम त्या फजितीनंतर दोन महिन्यांनी, चतुर्थीस झाली; माणसे चाळीस होती, पाहुणा नव्हता, पोती अठ्ठावीस भरली आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दुपारी एकच्या आत केंद्रावर उतरून त्यांची पोचपावती वहीत चिकटली.

आपल्या मोहिमेची सर्व सिद्धता झाली, अर्जांच्या पोचा फाइलीत लागल्या, तुकड्या ठरल्या, तरी आदल्या संध्याकाळी एक काम न चुकता करावे: ट्रॉलीवाल्याच्या घरी स्वतः जावे, चालक गावातच आहे ना ते पाहावे, आणि टाकीत डिझेल भरल्याची खात्री करून मगच झोपावे.